त्याला वाट द्या

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)



२०२१ सालचा डिसेंबर संपत आला होता आणि सांगलीच्या मार्केट यार्डात एक गवा शिरला. हळद, गूळ आणि बेदाण्याच्या सौद्यांची ती पेठ. गोदामांच्या मधल्या अरुंद जागेत तो अडकून उभा राहिला आणि बघता बघता गर्दी जमली. बातमी कानावर आली तसा मीही बघायला गेलो. ही कबुली आधीच देतो, कारण पुढं जे सांगणार आहे ते तिच्याशिवाय मला शोभणार नाही.

गर्दीत कुणी म्हणत होतं रेडा आहे, कुणी म्हणत होतं बायसन. जो तो हात उंच करून मोबाइल धरून उभा. माझ्या शेजारी एक वयस्क हमाल होते, डोक्यावर पोत्याची खोळ. ते पुनःपुन्हा एकच सांगत होते, "अवो, त्याला वाट द्या. वाट घावली की जातंय ते आपलं आपण." त्यांच्याकडं कुणी लक्ष दिलं नाही. मीही नाही. मी टाचा उंचावून शिंगं दिसतात का ते बघत होतो.

वन खात्याच्या लोकांनी पुष्कळ खटपट करून त्याला गाडीत चढवलं आणि जंगलात नेऊन सोडलं. वर्षभर आधी, ९ डिसेंबर २०२० ला, पुण्यात कोथरूडमध्ये असाच एक गवा आला होता. पाठीमागं माणसं, पुढं भिंती. धावून धावून तो दमला आणि पकडल्यावर मेला. आपला वाचला, एवढं समाधान.

घरी आलो तर माझी नात विचारते, "नाना, गवा काय खातो?"

मला सांगता येईना. मी कविता लिहिणारा माणूस. सह्याद्रीवर लिहिलंय, कृष्णेवर लिहिलंय, रानावर तर विचारूच नका. पण त्या रानातून आलेला एक जीव दिवसभर आपल्या गावात उभा होता आणि तो गवत खातो की पाला, गाईच्या कुळातला की म्हशीच्या, हे मला ठाऊक नव्हतं. (तो गाईगुरांच्या कुळातला, गवत, पाला, बांबू सगळं खातो. हे मला नंतर कळलं.) त्या प्रश्नामुळं मी आमच्या भागातल्या रविवारच्या निसर्गवर्गात जायला लागलो. नातीला सोडायला म्हणून गेलो आणि तिथंच बसलो.

एक निवृत्त शिक्षक हा वर्ग चालवतात. संस्था नाही, पावती नाही, गणवेश नाही. एक वही आणि एक पेन्सिल आणायची, सकाळी साडेसहाला नदीवर यायचं. पहिल्या दिवशी सरांनी काहीच शिकवलं नाही. हरिपूरला कृष्णा आणि वारणा एकत्र येतात, तिथं काठावर बसवलं आणि दहा मिनिटं डोळे मिटायला सांगितले. जितके वेगळे आवाज ऐकू येतील तितकी बोटं मिटायची. मुलांची आठ-आठ, नऊ-नऊ बोटं मिटली. माझी तीन. एक देवळातली घंटा, एक कावळा आणि एक लांबवरचा मोटारपंप. त्यातला मोटारपंप हा तांबट पक्षी निघाला. चाळीस वर्षं मी कानाचा माणूस म्हणून मिरवतोय. वृत्त चुकलं तर दुसऱ्याच्या ओळीवर बोट ठेवतो.

त्याहून मोठी फजिती कोकिळेची. माझ्या पहिल्या संग्रहात एक कोकिळा आंब्याच्या झाडावर बसून विरहानं गाते. सर म्हणाले, "कुहू कुहू ओरडतो तो नर. काळा कुळकुळीत, लाल डोळ्यांचा. मादी तपकिरी, अंगावर ठिपके, तिचा आवाज किक्-किक् असा. आणि तिला विरहाला वेळ नसतो, ती कावळ्याचं घरटं हेरत असते." पोरं खो खो हसली. तो संग्रह आता छापून मिळत नाही, ही अल्लाची मेहेरबानी.

वहीत काय लिहायचं? तारीख, वेळ, जागा, काय दिसलं, ते काय करत होतं. आणि नाव माहीत नसेल तर स्पष्ट लिहायचं, 'ओळखलं नाही'. हा शेरा सरांना फार आवडतो. ज्याच्या वहीत तो एकदाही नाही, त्याची वही ते संशयानं बघतात. शाळा-कॉलेजात पर्यावरणाचा प्रकल्प असतो, तो आपण कसा करतो हे तुम्हाला माहीत आहे. दुकानात तयार चित्रं मिळतात, बाप ती चिकटवतो, आई अक्षर काढते, आणि मुलाला गुण मिळतात. त्या वहीत 'ओळखलं नाही' असं वाक्य मी आजवर पाहिलेलं नाही.

'ओळखलं नाही' वरून सलीम अलींची गोष्ट आठवते. १८९६ साली मुंबईत जन्मलेला हा मुलगा. लहानपणी त्यानं छऱ्याच्या बंदुकीनं एक चिमणी पाडली. बघतो तर तिच्या गळ्यावर पिवळा डाग. ही नेहमीची चिमणी नव्हे. मग मुसलमानाच्या पोरानं ती खावी की खाऊ नये? म्हणून तो मामांकडं, अमीरुद्दीन तय्यबजींकडं गेला. मामांनाही ओळखेना. त्यांनी त्याला बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत मिलार्डसाहेबांकडं पाठवलं. मिलार्डनी चिमणी ओळखली आणि मग एकेक खण उघडून पेंढा भरलेले पक्षी दाखवत बसले. हिंदुस्थानातल्या पक्ष्यांच्या सगळ्यात मोठ्या जाणकाराचा पहिला निसर्गवर्ग तो असा, 'हे खायला चालतं का' या प्रश्नातून भरला. आता आपल्या राज्यात ५ ते १२ नोव्हेंबर पक्षी सप्ताह असतो. सुरुवातीचा दिवस मारुती चितमपल्लींच्या जन्माचा, शेवटचा सलीम अलींच्या.

नावांचं आणखी एक सांगतो. आमच्या घरात दख्खनी बोलतात, बाहेर मराठी, त्यामुळं नावांकडं माझे कान जरा जास्त टवकारतात. बुलबुल आणि शाहीन फारसीतून आले. बहिरी ससाण्यातलं बहिरी अरबीतून आलं, समुद्राशी नातं असलेलं. त्याला ऐकू येत नाही म्हणून नव्हे. पावशा मात्र अस्सल इथला, शेतकऱ्याला 'पेर्ते व्हा' सांगणारा. सरांच्या वर्गात ही सगळी एका ओळीत येतात.

आता सापाकडं येतो.

२००५ च्या महापुरात आमच्या गल्लीत पाणी आलं. ओसरल्यावर घरातला चिखल काढताना कोपऱ्यात एक साप दिसला. मी लोखंडी गज घेतला आणि मारला. गल्लीतल्या लोकांनी पाठ थोपटली. माझी दादी तेव्हा हयात होती. खाटेवर बसून एवढंच म्हणाली, "अरे, उसका रस्ता उसे देना था." म्हातारी माणसं काहीतरी बोलतात म्हणून मी सोडून दिलं. पुढं सतरा वर्षांनी सरांनी मुलांना चित्र दाखवलं, पाठीवर चौकटी असलेला साप. दिवड. पाण्यातला, बिनविषारी, बेडूक-मासे खाणारा. माझ्यासारखाच पुरानं घर सुटलेला. मी तो ताबडतोब ओळखला. वहीत लिहिलं नाही.

पण याची दुसरी बाजूही माझ्या घरात आहे. माझा धाकटा मामा वाळवा तालुक्यात शेतावर राहायचा. पावसाळ्यात जमिनीवर झोपलेला. पहाटे उठून म्हणाला, पोटात दुखतंय. थोड्या वेळानं पापण्या जड झाल्या, बोलताना जीभ अडखळायला लागली. अंगावर चावल्याची खूण सापडेना, म्हणून बाहेरची बाधा ठरवली आणि एका मांत्रिकाकडं नेलं. दुपारपर्यंत तो गेला. सरांनी मण्यारचा धडा घेतला तेव्हा मला एकेक लक्षण आठवत गेलं. रात्री हिंडणारा साप, दंश इतका बारीक की झोपलेल्याला कळतही नाही, मग पोटदुखी, मिटत जाणाऱ्या पापण्या, शेवटी श्वास. उपाय एकच, वेळ न घालवता दवाखाना आणि सर्पविषावरची लस. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं, ही चार नावं नि चार चेहरे घरातल्या पोरांना पाढ्यांसारखे यायला हवेत. २००० ते २०१९ या वीस वर्षांत आपल्या देशात सर्पदंशानं सुमारे बारा लाख माणसं गेली असा अभ्यासकांचा अंदाज आहे. त्यातली बहुतेक खेड्यातली. माझा मामा त्या आधीचा, तो त्या आकड्यातही नाही.

सांगली जिल्ह्यात सापावर बोलायचं आणि बत्तीस शिराळ्याचं नाव घ्यायचं नाही, असं चालणार नाही. तिथली नागपंचमी सगळ्यांना माहीत आहे. जिवंत नाग मडक्यांतून आणायचे, बायकांनी पुजायचे, मिरवणूक काढायची, मग सोडून द्यायचे. १९७२ चा वन्यजीव कायदा आणि पुढं उच्च न्यायालयाचे आदेश यांमुळं ते थांबलं. गावाला ते लागलं, अजून लागतं. २०२५ च्या नागपंचमीला केंद्राच्या पर्यावरण मंत्रालयानं २१ जणांना काही दिवसांसाठी नाग पकडायची परवानगी दिली. कारण काय, तर शिक्षण आणि परंपरागत ज्ञानाचं जतन. खेळ नाही, मिरवणूक नाही.

यावर मी बराच विचार केला. दुसऱ्याच्या श्रद्धेच्या गोष्टीत माझ्यासारख्यानं जपून बोलावं हे मला कळतं. पण शिक्षण हा शब्द वापरला गेलाय, म्हणून बोलतो. शिराळ्यातल्या जाणत्या माणसाला मातीवरच्या खुणेवरून, बिळाच्या तोंडावरून नाग आत आहे की नाही ते सांगता येतं. ही विद्या कुठल्याही विद्यापीठात मिळत नाही. ती मेली तर माझ्या दृष्टीनं तो मोठाच तोटा. आमच्या वर्गात असा माणूस शिकवायला यावा, मी पहिल्या रांगेत बसेन. पण त्यानं मला बिळाची वाट शिकवावी, मडकं आणू नये. मडक्यातला नाग भ्यालेला असतो. भ्यालेला प्राणी बघून आपल्याला फक्त भीती कळते.

या दोन जिल्ह्यांसारखी शाळा मिळायला भाग्य लागतं. १९४९ ते १९६० सांगलीचं नाव दक्षिण सातारा होतं. नंतर हद्द पडली, ती आपल्याला ठाऊक, गव्याला नाही. एका टोकाला महाबळेश्वर, वर्षाला साडेपाच-सहा हजार मिलिमीटर पाऊस. दुसऱ्या टोकाला माण, आटपाडी, जत. तिथं पाचशेच्या आसपास पडला तरी लोक समाधानी. इकडं शेकरू, तिकडं लांडगा. कोयना आणि चांदोलीची जंगलं मिळून २०१० मध्ये सह्याद्री व्याघ्र प्रकल्प झाला, आणि २०२५ च्या नोव्हेंबरात ताडोब्याची एक वाघीण चांदोलीत आणून सोडली. देवराष्ट्र्याजवळचं सागरेश्वर तर माणसांनी उभं केलेलं अभयारण्य. उघड्याबोडक्या डोंगरावर स्वातंत्र्यसैनिक धों. म. मोहिते यांनी ध्यास घेऊन झाडी वाढवली, आणि १९८५ मध्ये तिथं अभयारण्य झालं. सहलीत मुलं हरणं बघतात. मोहित्यांचं नाव त्यांना कुणीतरी सांगायला हवं.

कासला आम्ही सप्टेंबरात गेलो होतो. पठार २०१२ मध्ये जागतिक वारशाच्या यादीत गेलं आणि तेव्हापासून गर्दी काय ती विचारू नका. गावोगावच्या समितीतली माणसं वाटाड्या म्हणून फिरवतात. आम्हाला भेटले ते वय झालेले, आधी गुरं राखणारे. त्यांनी गुडघे टेकून मुलांना सीतेची आसवं दाखवली, एवढंसं निळं-जांभळं फूल. म्हणाले, "ह्ये किडं खातं." मुलांना खरं वाटेना. मग दवबिंदू दाखवला, त्याच्या चिकट थेंबाला एक बारकी माशी अडकलेली. कातळावर मातीचा पातळ थर, त्यात पोषण कमी. म्हणून झाडांनी शिकार धरली. हे त्यांनी पुस्तकात वाचलेलं नव्हतं.

मग ते कुंपणावर आले. फुलं वाचावीत म्हणून मध्यंतरी पठाराला जाळी लावली होती, पुढं ती काढून टाकली. म्हातारबाबांचं म्हणणं असं की गुरं आत येईनात तसं गवत माजलं आणि फुलं दबली. गुरांच्या तोंडानं गवत कमी राहतं, शेणानं खत मिळतं. अभ्यासकांमध्ये या प्रश्नावर चर्चा झाली आहे, होतही राहील. मला लागलं ते वेगळंच. पिढ्यान् पिढ्या त्या पठारावर गुरं चारणाऱ्याला जाळी लावण्याआधी वर्गात बोलावलं होतं का? २००२ च्या जैवविविधता कायद्यानं प्रत्येक गावाची एक नोंदवही असायला हवी. गावातली झाडं, जनावरं, पक्षी, त्यांची गावातली नावं, ती कोण जाणतं, हे सगळं तिच्यात. तुमच्या ग्रामपंचायतीत जाऊन ती उघडून बघा. किती पानांवर गावातल्या माणसाचं बोलणं आहे ते मोजा.

आमच्या वर्गाचा एक दोष मला सुरुवातीपासून खुपत होता. येणारी मुलं कुणाची? डॉक्टरांची, शिक्षकांची, बँकेत नोकरी करणाऱ्यांची, माझ्यासारख्यांची. ज्यांच्या अंगणात बिबट्या येतो त्यांची नव्हेत. कराड, वाळवा, शिराळा या पट्ट्यात बिबट्या आता उसातच वितो. तोडणीच्या वेळी बछडी सापडतात, वन खातं ती पुन्हा त्याच जागी ठेवतं, रात्री आई येऊन घेऊन जाते. हे कौतुकानं सांगितलं जातं आणि ते कौतुकाचंच आहे. पण त्याच उसाच्या कडेला ऊसतोड कामगारांच्या कोप्या असतात. २०२१ च्या नोव्हेंबरात कराड तालुक्यात एका ऊसतोड मजुराचं पाच वर्षांचं पोर बिबट्याच्या हल्ल्यात गेलं. आईबाप कामावर असताना बांधावर बसणाऱ्या मुलांपर्यंत कुठली दुर्बीण पोचत नाही.

हे मी सरांना बोललो. ते गप्प राहिले आणि पुढच्या जानेवारीत म्हणाले, "चला, या रविवारी नदी नको."

आम्ही कोप्यांवर गेलो. सरांनी सांगायची गोष्ट ठरवून आणली होती. अंधार पडताना मुलांनी एकटं बाहेर पडू नये. परसाकडं जाताना मोठ्यांनी सोबत जावं, बोलत जावं, बॅटरी घ्यावी. वाकलेलं, बसलेलं माणूस बिबट्याला लहान जनावरासारखं दिसतं. पिलू दिसलं तर हात लावू नये, आई जवळच असते. बायका ऐकत होत्या, पण एक जण म्हणाली, "सर, बॅटरी कोण देणार?" त्याला आमच्याकडं उत्तर नव्हतं. त्या दिवशी आम्ही वर्गणी काढली. ती सात बॅटऱ्यांपुरती झाली. कोप्या तेवीस होत्या.

तिथं बीडकडची एक मुलगी होती, दहा-अकरा वर्षांची, कडेवर धाकटा भाऊ. सर मुलांना ठसे समजावत होते. ती म्हणाली, "इकडं या, चाचा." तिनं आम्हाला पाटाच्या कडेला नेलं. ओल्या मातीत दोन प्रकारचे ठसे. "हे कुत्र्याचं, नख्या उठल्यात. हे त्याचं. त्याच्या नख्या आत असत्यात." सरांनी वाकून बघितलं, पुन्हा बघितलं, आणि माझ्याकडं वळून म्हणाले, "बरोबर आहे." आमची शहरातली पोरं मग सरांना सोडून तिच्याभोवती जमली. माझी नातही. ठसा ताजा कसा ओळखायचा, बिबट्या कुठल्या बाजूनं आला, कुठं गेला, हे तिनं बोट टेकवत दाखवलं. भाऊ कडेवरच होता. जिथं ठसे होते तिथून तिची कोप मी पावलांनी मोजली. बेचाळीस पावलं.

निघताना तिनं वही मागितली. नातीनं आपली देऊन टाकली, अर्धी भरलेली. मार्चमध्ये कारखान्याचा पट्टा पडला आणि ती माणसं गावाकडं गेली. वहीत पुढं काय भरलं गेलं ते मला ठाऊक नाही. सरांनी नव्या हंगामासाठी चाळीस वह्या आणून ठेवल्या आहेत आणि बॅटऱ्यांचा हिशोब माझ्याकडं दिला आहे. अजून सोळा व्हायच्यात.

रविवारी साडेसहाला आम्ही नेहमीप्रमाणं हरिपूरला असतो. हिवाळ्यात समोरच्या काठावर कधी कधी मगर उन्हाला पडलेली दिसते, म्हणून पाण्याच्या अगदी कडेला बसू नका. पेन्सिल आपली आपण आणायची. दुर्बीण एकच आहे, रांगेनं मिळते.